तळेघरची वाट आणि विश्रांतीचा इतिहास

‘सुटी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदाशी नाते सांगतो. कशापासून सुटायचे, ते मात्र सांगत नाही. घरापासून दूर जाऊन विसावा घेण्याच्या मराठी माणसाच्या सवयीचा इतिहास पाहू लागले की पहिली अडचण येते ती हीच. निव्वळ विसाव्यासाठी घर सोडण्याला आपल्या जुन्या व्यवहारात वेगळे नाव नव्हते. माणसे यात्रेला जात, आजोळी जात, लग्नकार्याला जात. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे एवढी दक्षिणा मिळेल या आशेने, जोडीला तीर्थयात्रा. १९०७ साली छापून आलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये नवा मुलूख पाहण्याचे सुख आहे, पण घर सोडण्याचे कारण म्हणून ते येत नाही.

‘हवापालट’ हा शब्द रुळला तो नंतर, आणि तोही औषधासारखा. सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसवायला घेतले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले. १९०७ साली तिथे छोटी रेल्वे पोचली. या ठिकाणांची वर्णने करताना थंडी, धुके आणि स्ट्रॉबेरी यांवर आपण थांबतो. महाबळेश्वरच्या उभारणीत चिनी कैद्यांना राबवले गेले, भाजीचे मळे त्यांनी पिकवले, आणि माथेरानच्या हातरिक्षा एकविसाव्या शतकातही माणसेच ओढत राहिली, हा भाग सहलीच्या वर्णनांत सहसा येत नाही. पुढे शिकलेल्या मराठी वर्गाने ही रीत उचलली, पण थोडी अपराधी भावना बाळगूनच. लोकमान्य टिळक सिंहगडावरच्या आपल्या बंगल्यात राहायला जात, ते वाचन-लेखनाचे काम बरोबर घेऊन. नुसते बसून राहणे आपल्याला आजही जमत नाही. (मास्तरांच्या मे महिन्याच्या सुटीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतातच.)

आंबेगाव तालुक्यातले तळेघर थंड हवेच्या ठिकाणांच्या या यादीत कधी नव्हते. ते भीमाशंकरच्या वाटेवरचे गाव. घोडेगावकडून येणारा रस्ता डिंभे सोडून पोखरीचा घाट चढतो आणि तळेघरला येतो. राजगुरुनगर-वाड्याकडचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. महाशिवरात्रीचा आणि श्रावणी सोमवारचा यात्रेकरू या वाटेने जात आला. पायी चालणाऱ्याला वाटेतल्या गावाशी बोलावेच लागे. पाणी, आडोसा, पुढच्या ओढ्याची खबर त्याला तिथेच मिळे. आज मोटारीतल्या माणसाला गावाची गरज चहापुरती उरली आहे. घाटातून खाली दिसणारा निळा जलाशय पाहून तो गाडी थांबवतो, छायाचित्र घेतो. तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगाव त्या पाण्याखाली गेले आहे, हे त्याला सांगायला कोणी नसते.

सुटीचा खरा पेच मात्र पंचांगाचा आहे. शहरातला माणूस इथे दोन वेळा येतो: मे महिन्यात, मुलांच्या शाळा बंद असताना; आणि आषाढ-श्रावणात, धबधबे पाहायला. या परिसरातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या कष्टाचे हंगाम नेमके हेच आहेत. उन्हाळ्यात बाळहिरडा झाडावरून काढायचा, उन्हात वाळवायचा आणि पाऊस येण्याआधी विकायचा. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा हिस्सा त्यावर उभा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला हिरडा मातीत गेला. हे पीक जंगलातले, शेतातले नव्हे, अशा अडचणीत भरपाई अडकली आणि त्यासाठी लोकांना पुढे आंदोलने करावी लागली. पाऊस लागला की भाताची आवणी. ज्या पावसात पाहुणा हौसेने भिजतो, त्याच पावसात दिवसभर वाकून रोपे लावणारी बाई त्याच्या छायाचित्रात ‘निसर्ग’ म्हणून येते. आपल्या प्रवासवर्णनांनीही तिच्याकडे फारसे वेगळ्या नजरेने पाहिलेले नाही, असे मला वाटते.

म्हणून इथे सुटी घालवू नये काय? तसे मी म्हणणार नाही. भीमाशंकरचे अरण्य १९८५ साली अभयारण्य झाले. शेकरू पाहायचा तर एका झाडाखाली तासभर गप्प बसण्याची तयारी हवी. एका दिवसात देऊळ, धरण आणि धबधबा उरकणाऱ्याला तो दिसण्याची शक्यता कमीच. दोन रात्री एकाच गावात काढाव्यात, जेवणाचे पैसे गावातल्या चुलीला द्यावेत, आणि समोरच्या माणसाला काम असेल तर त्याचा वेळ मागू नये. विसावा मिळतो तो अशा राहण्यात.

भातकापणी आटोपली, आकाश निवळले आणि डोंगर सर्वांत देखणे झाले, की मग गावाला मोकळीक मिळेल असे आपल्याला वाटते. त्या दिवसांत इथली कितीतरी माणसे घराला कडी लावून नारायणगावच्या बाजूला बागायती मळ्यांवर मजुरीला उतरतात. नारायणगावला मजुरांचा बाजारच भरतो. अंथरूण-पांघरूण, चार भांडी आणि लहान मुले बरोबर असतात. घरापासून दूर जाण्याच्या या प्रकाराला मात्र मराठीत केव्हापासूनच शब्द आहे: ‘जगायला जाणे’.