कागद जळाला, हिशेब राहिला
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

12 मे 1875. तेव्हाच्या भीमथडी, म्हणजे आताच्या बारामती तालुक्यातलं सुपे हे बाजारपेठेचं गाव. आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितल्या त्या वह्या आणि कर्जखतं. कागद हाती आले की त्यांची होळी करायची, हाच बहुतेक गावांतला रिवाज होता. जिथं सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथं सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरलं. सरकारनं फौज आणली, 951 माणसं पकडली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

आज हे आठवायचं कारण म्हणजे क्रेडिट कार्ड. आमच्या जळकोटसारख्या गावातही ते आता पोचलंय. पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेलेली आमची पोरं सणाला गावी येतात तेव्हा खिशात दोन-दोन कार्डं असतात. त्यातला एक जण मला म्हणाला, “चाचा, घेतले त्याच्या दीडपट भरून बसलो, तरी बाकी तेवढीच. आता एक रुपया देणार न्हाई. करू दे बँकेला काय करायचं ते.” पैसे नव्हते म्हणून नव्हे, राग आला म्हणून तो देणार नव्हता. या रागाला आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तो त्याला ठाऊक नव्हता.

दख्खनच्या कुणब्याचा राग एका दिवसात पेटला नव्हता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला उधार देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आटली. त्यातच सरकारनं 1867 पासून नवी आकारणी करून शेतसारा वाढवला, कुठं दीडपट, कुठं दुपटीपर्यंत. सारा रोख भरायचा, म्हणून पुन्हा सावकाराचीच पायरी.

आता एक कायद्याची गंमत बघा. 1859 साली सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जखताची मुदत तीन वर्षं, पुढं दावा चालणार नाही. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हेच नवं मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. भरल्या पैशाची पावती नाही. खाली निशाणी करणाऱ्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. आपल्याकडे ‘दामदुप्पट’ नावाची जुनी रीत होती. व्याज कितीही थकलं तरी मुद्दलाहून जास्त मागायचं नाही. ही रीत नव्या खतांनी बुडवली, कारण प्रत्येक खतात व्याजच मुद्दल होऊन बसलं.

कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ अशी एक ओळ असते. समजा लाखाची बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि किमान रक्कम पाच हजार. तुम्ही पाच हजार भरले. त्यातले साडेतीन हजार व्याजात गेले, व्याजावरच्या 18 टक्के कराचे 630 गेले. मुद्दलातून तुटले 870 रुपये. माणसाला वाटतं, कर्ज फेडतोय. कुणब्याचं खत तीन वर्षांनी फिरायचं, याचं महिन्याला फिरतं.

तेव्हा राग खोटा नाही. पण 1875 च्या रागाचं पुढं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट, रागानं माणूस निवडला. दंग्यांत मार बसला तो जवळजवळ सगळा मारवाडी आणि गुजर सावकारांना. त्याच भागात व्याजबट्टा करणारे ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही होते, त्यांच्या वाटेला लोक सहसा गेले नाहीत. परका दिसला तो धरला. इथं मला आमचा मराठवाडा आठवतो. निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले सावकारी करत, वसुलीला हत्यारबंद माणसं उभी करत. माझ्या धर्मात व्याज हराम, तरी हे चाललं. 1853 साली दिवाण झालेल्या सालारजंगांना त्यांना आवर घालावा लागला. सावकारीला जात-धर्म नसतो. राग हिशेबावर असेल तर त्यानं तोंडं बघू नयेत.

दुसरी गोष्ट, कागद जळाला तरी गरज जळाली नाही. दंग्यानंतर सावकारांनी हात आखडले, आणि 1876 साली दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. दाणे उसने मागायला ज्याच्या दारी जायचं, त्याची वही जाळून झाली होती.

मग दंग्यांनी काहीच साधलं नाही का? साधलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. दिवाणी कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. त्याहून मोठं म्हणजे, शेतकऱ्यानं खतावर निशाणी केली असली तरी न्यायाधीशानं मागं जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, मूळ किती दिले ते शोधायचं, असं ठरलं. कर्ज कुणी माफ केलं नाही, हिशेब उघडला. न्या. रानड्यांनी याच कायद्याखाली काम केलं. सावकारांनी पळवाट काढलीच, गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि जमिनी गेल्या. आणि आमच्या निजामी मराठवाड्याला तर तो कायदा लागूच नव्हता.

आजच्या कार्डवाल्याचंही भांडण हिशेबाचंच आहे. 7 जुलै 2008 रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हटलं, कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 ला तो निकाल रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेचा, आयोगाचा नाही, असं ठरलं. सावकारी कायद्यात दामदुप्पट अजून जिवंत आहे, पण बँका त्या कायद्याच्या बाहेर आहेत. आणि ही वही जाळता येत नाही. पैसे थकवले की नोंद पतमापन संस्थांकडे जाते, आणि उद्या घराला, शेताला, पोराच्या शिक्षणाला कर्ज मागताना समोर येते.

म्हणून त्या पोराला मी म्हणालो, “रागावलास ते बरं केलंस, पण राग कागदावर काढ.” पहिल्यापासूनचा हिशेब लेखी माग. किमान रकमेत कर्ज वाढतच जाईल अशी आकारणी करू नये, हे रिझर्व्ह बँकेनं 2022 साली बजावलंय, ते दाखव. वसुलीला दमदाटी करणारा आला तर सांग, 2007 सालीच सर्वोच्च न्यायालयानं असल्या वसुलीवर ताशेरे ओढलेत. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज कर. मूळ घेतलेले पैसे मात्र बुडवू नकोस, नाहीतर तुझ्या तक्रारीतला जोर जाईल. सुप्याच्या कुणब्याला वह्या वाचता येत नव्हत्या, म्हणून त्यानं त्या जाळल्या. तुला वाचता येतात. वाच, आणि मग भांड.