वारसा निवास

वारसा निवास म्हणजे जुना वाडा, गढी, राजवाडा किंवा हवेली यांसारख्या ऐतिहासिक वास्तूचा जीर्णोद्धार करून तेथे पाहुण्यांसाठी केलेली राहण्याची व न्याहारीची सोय होय. अशा ठिकाणी मालक कुटुंब बहुधा त्याच वास्तूत किंवा तिच्या आवारात राहते. खोल्यांची संख्या मर्यादित असते आणि घरचे खाणे, घराचा इतिहास व परिसराची ओळख हा पाहुणचाराचा भाग असतो. राहती असलेली जुनी वास्तू टिकते आणि बंद पडलेली लवकर ढासळते, या अनुभवावर ही कल्पना आधारलेली आहे.

पार्श्वभूमी

भारतात राजवाड्यांचे हॉटेलांत रूपांतर स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ मध्ये आणि उदयपूरचा लेक पॅलेस १९६३ मध्ये हॉटेल म्हणून खुला झाला. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेक घराण्यांना वास्तूंच्या देखभालीसाठी उत्पन्नाचे साधन शोधावे लागले. राजस्थानातील पडीक अवस्थेतील नीमराणा किल्ला १९८६ मध्ये विकत घेऊन दुरुस्त करण्यात आला व १९९१ मध्ये पाहुण्यांसाठी उघडण्यात आला. लहान व ओसाड वास्तूही या मार्गाने वाचू शकतात, हे त्यातून दिसले.

मराठवाड्याची पार्श्वभूमी थोडी वेगळी आहे. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४९ मध्ये तेथील जहागिऱ्या रद्द झाल्या आणि पुढे कूळकायदा व जमीनधारणेची कमाल मर्यादा लागू झाली. देशमुख, पाटील व जहागीरदार यांच्या वाड्यांचा खर्च ज्या शेतसाऱ्यातून व धान्यातून भागे, तो आधार त्यामुळे संपला. वारसदार शिक्षण व नोकरीसाठी शहरांत गेले आणि अनेक वास्तूंना कुलपे लागली.

वास्तूची रचना

वाड्याची मांडणी चौकाभोवती असते. दिंडी दरवाजातून आत आल्यावर देवडी, त्यापुढे चौक व तुळशीवृंदावन, चौकाभोवती सोपे, आणि आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर व परसदार असा क्रम सामान्यतः आढळतो. जाड भिंती व मोकळा चौक यांमुळे उन्हाळ्यातही आतील भाग तुलनेने थंड राहतो.

मराठवाड्यातील गढी ही तटबंदीयुक्त निवासवास्तू असते. उंचवट्यावर दगडी पाया, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड तट, कोपऱ्यांना बुरूज आणि आत आड व धान्याची पेवे अशी तिची रचना असते. छत माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा थर दिलेले सपाट छत असते. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावरील गवत उपटणे, भेगा बुजवणे व मातीचा थर सारखा करणे आवश्यक असते. हे काम काही वर्षे चुकले की पाणी झिरपून तुळया कुजतात व छत खचते. ओसाड पडलेल्या गढ्यांची पांढरी माती लोक घरांच्या व शेतीच्या कामासाठी खणून नेतात, त्यामुळे तटाचाही ऱ्हास होतो.

जीर्णोद्धार व भूकंपसुरक्षा

जीर्णोद्धारात मूळ साहित्याशी जुळणारे साहित्य वापरण्यावर भर असतो. माती व चुन्याच्या भिंतींतून ओलावा बाहेर पडू शकतो. त्यांना सिमेंटचा गिलावा दिल्यास तो ओलावा आत कोंडून भिंत कमकुवत होते. त्यामुळे चुन्याचा गिलावा व लाकडाला लाकडाचा जोड देणे श्रेयस्कर मानले जाते. न्हाणीघर, सांडपाणी व वीजवाहिन्या या नव्या सोयी जुन्या भिंती न फोडता बसवणे हे सर्वांत अवघड काम असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाचा मराठवाड्यातील वाड्यांच्या भवितव्यावर मोठा परिणाम झाला. बीडच्या शेजारील लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे थर चढून जड झालेली छते हे जीवितहानीचे एक मुख्य कारण ठरले. त्यानंतर दगड-मातीच्या घराविषयी भीती निर्माण झाली आणि अनेकांनी सिमेंट-काँक्रीटची घरे पसंत केली. मात्र सर्व जुनी बांधकामे सारखीच धोकादायक नसतात. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसवणे, भिंतींभोवती सलग पट्टा देणे, लाकडी सांगाडा पक्का बांधणे आणि छतावरील मातीचा अतिरिक्त भार कमी करणे या उपायांनी त्यांची सुरक्षितता वाढवता येते. पाहुण्यांना ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून अशी तपासणी करून घेणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

नियम व वर्गवारी

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीनुसार १९५० पूर्वी बांधलेली निवासवास्तू 'वारसा हॉटेल' म्हणून मान्यतेस पात्र ठरू शकते. वास्तूचे वय व खोल्यांची संख्या यांनुसार तिचे वर्ग ठरतात. लहान घरांसाठी निवास व न्याहारी योजना आहे. तीत मालकाने स्वतः तेथे राहणे अपेक्षित असते आणि एक ते सहा खोल्या, म्हणजे कमाल १२ खाटा, पाहुण्यांना देता येतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही राज्यात निवास व न्याहारी योजना राबवली आहे.

वास्तू केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असल्यास नव्या बांधकामास मनाई असते व त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. दुरुस्तीसाठीही सक्षम प्राधिकरणाची परवानगी लागते.

महाराष्ट्र व गोव्यातील उदाहरणे

जाधवगड : पुणे जिल्ह्यात सासवडजवळ असलेली ही गढी छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधली. २००७ पासून येथे हॉटेल असून आवारात जुन्या गृहोपयोगी वस्तूंचे 'आई' हे संग्रहालय आहे.

सावंतवाडी राजवाडा : मोती तलावाकाठचा हा राजवाडा तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५–१८०३) यांच्या काळातील आहे. शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील लाखकाम व गंजिफा कलेला नवजीवन दिले. आवारातील वाड्यात पाहुण्यांसाठी खोल्या असून त्यांची सजावट गंजिफा चित्रशैलीवर आधारलेली आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पाने असतात.

गोवा : पणजीतील फोन्तेनीश भागात एकोणिसाव्या शतकातील घरांत निवासाची सोय आहे. लोटली येथील फिगेरेदो कुटुंबाच्या जुन्या घरात संग्रहालय व निवास दोन्ही आहेत.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

बीड जिल्ह्यात येणारे प्रवासी प्रामुख्याने परळी वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी व कपिलधार येथे दर्शनासाठी येतात. त्यांचा मुक्काम भक्तनिवास, धर्मशाळा किंवा लॉजमध्ये असतो व बहुधा एका रात्रीचा असतो. धारूरचा किल्ला, बीडची खजाना विहीर, नायगावचे मयूर अभयारण्य व सौताड्याचा धबधबा ही स्थळे जोडल्यास मुक्काम लांबू शकतो. दुरुस्त केलेला वाडा अशा प्रवाशांना सोयीचा ठरतो. सुशीला, धपाटे व दही, ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी हे मराठवाड्यातील पदार्थ घरच्या पाहुणचाराला स्थानिक ओळख देतात.

मर्यादा व टीका

सर्वांत मोठी अडचण मालकीची असते. अनेक पिढ्यांत वाटणी न झाल्याने मिळकत पत्रिकेवर बरीच नावे असतात आणि एका हिस्सेदाराच्या नकारानेही काम अडते. खर्च आधी व उत्पन्न नंतर, तेही हंगामी, असे या व्यवसायाचे स्वरूप असल्याने केवळ खोल्यांच्या भाड्यावर संपूर्ण वास्तूची देखभाल होईलच असे नाही.

मूळ मांडणी बदलून केवळ जुनेपणाचा देखावा उभा करणे, तसेच गावकऱ्यांना पूर्वी खुले असलेले चौक व देवघर पाहुण्यांपुरते राखीव करणे, यांवर टीका होते. सणावाराला वाडा गावासाठी खुला ठेवणे, दुरुस्तीला स्थानिक गवंडी व सुतारांना काम देणे आणि मालक कुटुंबाने तेथे राहणे यांमुळे वास्तूबरोबर तिचा वापरही जिवंत राहतो. माळवदाची दरवर्षीची निगा राखण्याचे कसब असलेले कारागीर कमी होत असल्याने या कामाला विशेष महत्त्व आहे.