दादरचे तारणमाता मंदिर : काँक्रीट आणि चौक

जठारपेठेतून मुंबईस निघालेला अकोलेकर रेल्वेने बहुधा दादरलाच उतरतो. स्थानकाच्या पश्चिमेस, गोखले रस्त्यावर ‘पोर्तुगीज चर्च’ कोठे, असे विचारले तर कोणीही वाट दाखवील. मात्र तेथे पोर्तुगीज वळणाचे असे डोळ्यांना काहीच सापडत नाही. फ्रान्सिस्कन संन्याशांनी १५९६ साली स्थापिलेल्या तारणमातेच्या या मंदिराची जुनी वास्तू उतरवून १९७४ ते १९७७ या काळात चार्ल्स कोरिया यांनी तेथे काँक्रीटचे नवे मंदिर उभारले.

जुन्या वेदीपुढे ज्यांची लग्ने लागली, त्यांना हा बदल रुचला नसेल तर त्यांना दोष देता येत नाही. टोकदार कमानी नाहीत. आहेत ती वर निमुळती होत गेलेली काँक्रीटची लहानमोठी कवचे. फ्रान्समध्ये रोंशां येथे ल कॉर्बुझिए यांनी १९५५ मध्ये काँक्रीटला प्रार्थनेचे रूप दिले होते. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. भाविकांनी उपासनेत प्रेक्षक न राहता सहभागी व्हावे, हेही त्याच दस्तऐवजाचे आग्रहाचे म्हणणे.

कोरियांची खरी करामत मला कवचांपेक्षा त्यांमधल्या मोकळ्या चौकांत दिसते. छताखालची जागा आणि आकाशाखालची जागा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. साबरमतीच्या गांधी संग्रहालयात १९६३ मध्ये त्यांनी हेच सूत्र वापरले होते. आपल्या वाड्यांना ते नवे नाही : ओसरीवरून चौकात, चौकातून माजघरात. गोव्याचे मूळ सांगणारा हा वास्तुकार काँक्रीटमधून आपल्याच घराची आठवण करून देतो. वरच्या काचांवरील रंगकाम मकबूल फिदा हुसेन यांचे. पंढरपुरात जन्मलेल्या मुसलमान चित्रकाराचा हात तारणमातेच्या मंदिराला लागला, हे मला फार मोलाचे वाटते.

१९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून वऱ्हाडात कितीतरी मंदिरे बांधली गेली असतील. नवे बांधताना आजही युरोपातल्या चित्राकडे बोट दाखवले जाते. हिमवर्षावासाठी केलेले उतरते छप्पर अकोल्यात कशाला हवे? पण दादरची नक्कलही नको. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. समुद्राकाठचा मोकळा चौक येथे भट्टी होईल. तो अरुंद हवा, भिंती जाड हव्यात, आणि आराखडा काढण्याआधी आवारातला कडुनिंब तोडू नये.