खासगी जीवनाचे कलम : समलिंगी व्यक्तींच्या हक्कांची मागणी आणि युरोपीय संस्था

इ. स. १९५५ च्या डिसेंबर महिन्यात स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्क आयोगाने पश्चिम जर्मनीतील एका नागरिकाचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरविणारे जर्मन दंडसंहितेचे १७५ वे कलम मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशी विसंगत आहे, अशी त्याची तक्रार होती. हे कलम मुळात १८७१ सालचे. नाझी राजवटीने १९३५ मध्ये ते अधिक कठोर केले; त्याखाली शिक्षा झालेल्या हजारो पुरुषांची रवानगी छळछावण्यांत झाली. युद्ध संपले, राजवट बदलली, पण नवीन प्रजासत्ताकाने ते कलम १९३५ च्या कठोर रूपातच चालू ठेवले. आयोगाने या इतिहासात शिरण्याचे कारण मानले नाही. आरोग्य आणि नीती यांच्या रक्षणासाठी राज्याला असा कायदा करता येतो, एवढे सांगून त्याने प्रकरण निकालात काढले. १९५७ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानेही तोच कौल दिला.

यानंतर सव्वीस वर्षांनी, म्हणजे २२ ऑक्टोबर १९८१ रोजी, त्याच कराराच्या त्याच आठव्या कलमाच्या आधारे स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने याच्या नेमका उलट निर्णय दिला. त्या कलमाचा मजकूर मधल्या काळात एका अक्षरानेही बदललेला नव्हता. मग बदलले काय? युरोपातील लोकमत बदलले, हे या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मागणी कोणत्या संस्थेपुढे मांडली गेली आणि त्या संस्थेला समजेल अशा कोणत्या शब्दांत ती बसविली गेली, याचा विचार केल्यावाचून या इतिहासातील यश समजत नाही आणि त्या यशाच्या मर्यादाही समजत नाहीत.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात ठेवला पाहिजे. विद्यार्थ्यांकडून त्याबाबत वारंवार घोटाळा होतो. १९४९ साली स्थापन झालेली युरोप परिषद ही एक संस्था. मानवी हक्कांचा करार, आयोग (तो १९९८ मध्ये बंद झाला) आणि स्ट्रासबर्गचे न्यायालय ही तिची अपत्ये. युरोपीय आर्थिक समुदाय, म्हणजे पुढे ज्याचा युरोपीय संघ झाला तो, अगदी वेगळा. त्याचे न्यायालय लक्झेंबर्गला आहे. पहिलीचा व्यवहार हक्कांशी होता, दुसरीचा मुख्यतः बाजारपेठेशी. समलिंगी व्यक्तींच्या चळवळीने दोन्ही दारे ठोठावली; मात्र प्रत्येक दारातून आत नेता येईल असे ओझे निराळे होते.

१९८१ च्या निर्णयाची कथा बेलफास्टमध्ये सुरू होते. इंग्लंड व वेल्स यांत वुल्फेंडन समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचे परस्परसंमतीने व एकांतात झालेले संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांना हा कायदा लागू नव्हता. उत्तर आयर्लंडमध्ये १८६१ चा आणि १८८५ चा असे व्हिक्टोरियाकालीन दोन कायदे तसेच चालू राहिले. (भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम १८६० चे. दोन्ही तरतुदी एकाच पिढीच्या आणि एकाच कायदेपरंपरेतल्या आहेत.)

२१ जानेवारी १९७६ रोजी पोलिसांनी जेफ्री डजियन यांच्या घराची झडती घेतली. ते एका जहाज कंपनीत कारकून होते आणि कायदा बदलावा म्हणून चाललेल्या चळवळीत भाग घेत होते. वॉरंट होते अमली पदार्थांच्या कायद्याखालील. जप्त झाली ती मात्र त्यांची पत्रे आणि रोजनिश्याही. त्यांना पोलीस ठाण्यावर नेण्यात आले आणि सुमारे साडेचार तास त्यांच्या खासगी संबंधांविषयी त्यांना प्रश्न विचारण्यात आले. कागदपत्रे सरकारी अभियोक्त्याकडे गेली. एक वर्षाहून अधिक काळ, म्हणजे फेब्रुवारी १९७७ पर्यंत, आपल्यावर खटला होणार की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी खटला भरणे लोकहिताचे नाही असे ठरले आणि कागद परत मिळाले. त्यांच्यावर कोणी तरी समासात शेरे लिहून ठेवलेले होते. न्यायालयाने ही बाब आपल्या निर्णयपत्रात नोंदली आहे. खासगी जीवनातील हस्तक्षेप म्हणजे काय, याचा इतका ठोस पुरावा एरवी क्वचितच मिळतो.

मे १९७६ मध्ये डजियन यांनी आयोगाकडे अर्ज केला. अर्ज चालू असतानाच बेलफास्ट आणि लंडन यांमध्ये जे राजकारण घडले, ते न्यायालयीन वादाइतकेच उद्बोधक आहे. १९७२ पासून उत्तर आयर्लंडची स्वतःची विधानसभा स्थगित होती आणि कारभार थेट लंडनहून चालत होता. कायदा बदलणे सर्वस्वी ब्रिटिश सरकारच्या हाती होते. १९७८ मध्ये सरकारने इंग्लंडप्रमाणे सुधारणा करण्याचा मसुदा प्रसिद्धही केला. तथापि इअन पेझ्ली यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध मोठी मोहीम उघडण्यात आली. तिच्या निवेदनावर सुमारे ७०,००० सह्या झाल्या. कॅथलिक धर्मपीठानेही विरोध केला. इतर कोणत्याही प्रश्नावर एकत्र न येणारे दोन पंथ या एका प्रश्नावर एकत्र आले. १९७९ मध्ये सरकारने मसुदा सोडून दिला. परिणामी एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली: जो कायदा इंग्लंडमध्ये अन्याय्य मानून रद्द झाला होता, त्याचेच समर्थन करण्यासाठी ब्रिटिश सरकारचे वकील स्ट्रासबर्गच्या न्यायालयात उभे राहिले.

सरकारचा युक्तिवाद लोकमताचा होता. उत्तर आयर्लंडचा समाज अधिक धर्मनिष्ठ आहे. तेथील बहुसंख्यांना ही सुधारणा नको आहे. आणि थेट राजवटीत तर अशा लोकमताचा मान राखणे विशेषच अगत्याचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सत्तर हजार सह्या एका बाजूला आणि दूरच्या शहरात बसलेले एकोणीस न्यायाधीश दुसऱ्या बाजूला, असे चित्र उभे केले की लोकशाहीचा प्रश्न खरोखरच उपस्थित होतो.

न्यायालयाने तो टाळला नाही. आठव्या कलमाची रचना दुहेरी आहे. पहिले पोटकलम खासगी जीवनाचा आदर करण्याचा हक्क देते. दुसरे, लोकशाही समाजात आवश्यक असेल तेव्हाच नीती, आरोग्य इत्यादींसाठी त्यावर बंधन घालण्याची मुभा देते. १९५५ मध्ये आयोगाचे लक्ष ‘नीती’ या शब्दावर थांबले होते. १९८१ मध्ये न्यायालयाने बोट ठेवले ते ‘आवश्यक’ या शब्दावर. समाजातील नैतिक भावना न्यायालयाने मान्य केली. पण माणसाच्या जीवनाच्या अत्यंत अंतरंग भागात राज्याला शिरावयाचे असेल, तर त्यासाठी तितकेच गंभीर कारण दाखविले पाहिजे, असे सांगितले. ते कारण सरकारपाशी नव्हते, आणि याचा पुरावा सरकारच्याच आकड्यांनी दिला. जानेवारी १९७२ ते ऑक्टोबर १९८० या काळात उत्तर आयर्लंडमध्ये अशा गुन्ह्यांबद्दल ६२ खटले झाले. त्यांतील बहुतेक अल्पवयीनांसंबंधीचे होते. इंग्लंडमध्ये जो गुन्हा ठरला नसता अशा कृत्यासाठी एकावरही खटला भरलेला नव्हता. जो कायदा वापरण्याची गरज राज्याला स्वतःलाच भासत नाही, तो आवश्यक कसा? दुसरीकडे, तो वापरला जात नाही म्हणून निरुपद्रवी आहे असेही न्यायालयाने मानले नाही. त्याचे नुसते अस्तित्व अर्जदाराच्या आयुष्यावर सतत दबाव आणते, असे त्याने ठरविले. पंधरा विरुद्ध चार मतांनी ब्रिटन दोषी ठरले. पुढील वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश संसदेने उत्तर आयर्लंडचा कायदा बदलला.

परंतु निर्णयाची दुसरी बाजू सामान्यतः दुर्लक्षिली जाते. डजियन यांनी केवळ खासगीपणाचा हक्क मागितला नव्हता. चौदाव्या कलमाखाली समानताही मागितली होती. समलिंगी पुरुषांना एक नियम आणि इतरांना दुसरा, हा भेदभाव आहे, ही तक्रार त्यांच्या अर्जाचा भाग होती. न्यायालयाने तिचा विचार करण्याची गरज नाही असे ठरविले. संमतीचे वय किती असावे, हा प्रश्नही त्याने राष्ट्रीय सरकारांवर सोपविला. ते २१ वर्षांचे बंधन ब्रिटनमध्ये १९९४ साली १८ वर आले, आणि पूर्ण समानता येण्यासाठी २००० सालचा कायदा उजाडावा लागला. खासगीपणाच्या आधारावर जे मिळाले, ते बंद दाराआडचे स्वातंत्र्य होते. ज्याला नोकरीवरून काढले, ज्याला घर नाकारले, किंवा जिच्याकडून मुलांचा ताबा काढून घेतला, त्यांची गाऱ्हाणी दाराबाहेरची होती. त्यांना या निर्णयात काही नव्हते.

तरीही हा निर्णय पुढील खटल्यांचा पाया ठरला. भिन्नमत नोंदविणाऱ्या न्यायाधीशांत आयर्लंडचे वॉल्श आणि सायप्रसचे झेकिया होते, आणि त्यानंतर याच प्रश्नावर दोषी ठरले ते हेच दोन देश. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन करणारे डेव्हिड नॉरिस यांचा दावा आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला होता. त्यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन, म्हणजे १९९० मध्ये ज्या आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या त्याच. स्ट्रासबर्गला १९८८ मध्ये नॉरिस जिंकले, पण आठ विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने. आयर्लंडने कायदा १९९३ मध्ये बदलला आणि तो करताना सर्वांना एकच, १७ वर्षांचे, संमतिवय ठेवले. न्यायालयाने मागितले नव्हते ते तेथील विधिमंडळाने दिले. सायप्रसविरुद्ध मोडिनोस यांचा निकाल १९९३ चा. तेथला कायदा इंग्रजी वसाहतकाळातील होता. हे तीन निर्णय भारतापर्यंतही पोहोचले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नाझ फाउंडेशन खटल्यात त्यांचा आधार घेतला. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला आणि २०१८ मध्ये नवतेज सिंग जोहर खटल्यात ३७७ व्या कलमाची व्याप्ती मर्यादित करून प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. भारतीय न्यायालयांनी मात्र खासगीपणाबरोबरच समतेचे कलमही आधारभूत धरले. स्ट्रासबर्गने १९८१ मध्ये जो प्रश्न बाजूला ठेवला होता, तो येथे केंद्रस्थानी आला.

न्यायालयाने बाजूला ठेवलेली मागणी युरोपात राजकीय संस्थांकडे वळली. किंबहुना ती तेथे आधीच पोहोचली होती. १९७८ मध्ये कॉव्हेंट्री येथे समलिंगी संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि युरोप परिषदेवर प्रभाव पाडणे हे तिने आपल्या आरंभीच्या कार्यांपैकी एक मानले. डजियन निर्णयाच्या तीन आठवडे आधी, १ ऑक्टोबर १९८१ रोजी, परिषदेच्या संसदीय सभेने डच सदस्य योप फोग्ड यांच्या अहवालावरून एक शिफारस संमत केली. तीत संमतिवयाची समानता होती, नोकरीतील समान वागणूक होती, समलिंगी व्यक्तींच्या पोलीस नोंदवह्या नष्ट करण्याची मागणी होती आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्नही होता. न्यायालयाला जे बोलता आले नाही ते सभा बोलली. पण सभेच्या शिफारशीला बंधनकारक बळ नव्हते. युरोपीय संसदेचे तसेच. इटालियन कम्युनिस्ट सदस्या व्हेरा स्क्वार्चालुपी यांच्या अहवालावर मार्च १९८४ मध्ये, आणि जर्मन ग्रीन पक्षाच्या क्लाउडिया रोट यांच्या अहवालावर फेब्रुवारी १९९४ मध्ये ठराव झाले. दुसऱ्या ठरावात विवाह व दत्तक यांचाही उल्लेख असल्याने पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यावर जाहीर टीका केली. ठरावाने कायदा बदलत नाही. पण पोपला उत्तर द्यावेसे वाटावे इतके वजन त्याला आले होते, हेही खरे.

लक्झेंबर्गच्या न्यायालयापुढे प्रश्न निराळ्या वेषात आला. समुदायाच्या कायद्यात स्त्री-पुरुष समान वेतनाचे तत्त्व होते. लैंगिक कलाविषयी एक शब्दही नव्हता. १९९६ मध्ये लिंगबदल करू इच्छिणाऱ्या एका कर्मचाऱ्याची बडतर्फी हा लिंगभेदच आहे, असे या न्यायालयाने ठरविले, तेव्हा चळवळीच्या आशा वाढल्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये ग्रँट खटल्यात त्या मावळल्या. एका इंग्लिश रेल्वे कंपनीतील महिला कर्मचाऱ्याने आपल्या महिला जोडीदारासाठी प्रवास सवलत मागितली होती. तिच्या आधी त्याच जागेवर असलेल्या पुरुषाला आपल्या स्त्री जोडीदारासाठी ती मिळाली होती. पुरुष समलिंगी कर्मचाऱ्यालाही सवलत नाकारलीच गेली असती, म्हणून हा लिंगभेद नव्हे, असे तर्कदृष्ट्या नेटके आणि न्यायदृष्ट्या कोरडे उत्तर न्यायालयाने दिले. बदल हवा असेल तर तो विधिकर्त्यांनी करावा, असेही त्याने सुचविले.

विधिकर्त्यांनी तो मार्ग तेव्हाच खुला केलेला होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या ॲम्स्टरडॅम तहाच्या तेराव्या कलमात वंश, धर्म, अपंगत्व, वय यांच्याबरोबर लैंगिक कल हाही भेदभावाचा निषिद्ध आधार म्हणून प्रथमच लिहिला गेला. त्यावरून २००० च्या नोव्हेंबरमध्ये नोकरीतील भेदभावाविरुद्धचा निर्देश निघाला आणि सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक झाला. संघात येऊ इच्छिणाऱ्या देशांवरही याचा दाब पडला. रोमानियाने आपले दंडसंहितेतील २०० वे कलम २००१ मध्ये पूर्णतः रद्द केले. तथापि बाजारपेठेच्या दारातून आलेली समानता कामाच्या जागेपाशी थांबली. घर, शाळा, दुकान, रुग्णालय यांना तीच समानता लागू करणारा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला. एकमताची अट असल्यामुळे पुढे दीड दशकाहून अधिक काळ तो अडून राहिला.

पुढे हेच २०१८ च्या कोमान निर्णयातही दिसले. एका रोमानियन नागरिकाने ब्रुसेल्समध्ये एका अमेरिकन पुरुषाशी विवाह केला होता. रोमानिया त्या जोडीदाराला निवासाचा हक्क देण्यास तयार नव्हता. संचारस्वातंत्र्याच्या नियमांतील ‘जोडीदार’ या शब्दात समलिंगी पतीही येतो, असे लक्झेंबर्गने ठरविले. हा हक्क ज्याने सीमा ओलांडून दुसऱ्या सदस्य राष्ट्रात संसार मांडला त्याचा आहे. बुखारेस्टमध्ये जन्मून बुखारेस्टमध्येच राहिलेल्या जोडप्याला त्यातून काहीच मिळाले नाही. त्यांना पुन्हा आठव्या कलमाकडे आणि स्ट्रासबर्गकडेच वळणे भाग पडले.