माहीमच्या खाडीतली होडी आणि वाहत्या पाण्याचे गणित

वांद्रे स्टेशन सोडून लोकल माहीमकडे निघाली की थोड्याच वेळात चाकांचा आवाज बदलतो. गाडी पुलावर आलेली असते. खाली मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. डब्यातले फारसे कोणी तिकडे पाहत नाही आणि पाहिलेच तर नाकाला रुमाल लावून! सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र अंधेरी-वांद्र्याच्या बाजूने मुंबईला जायचे म्हणजे या पाण्याकडे नीट पाहावेच लागे. भरती आहे की ओहोटी? ओढ किती आहे? आता निघावे की तासभर थांबावे? या प्रश्नांची उत्तरे चुकली तर होडी पैलतीराला लागण्याची खात्री नसे.

उपनगरांचा इतिहास आपण रस्त्यांचा आणि रेल्वेचा म्हणून शिकवतो. या लेखात आम्ही तो वाहत्या पाण्याच्या बाजूने पाहणार आहोत. त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे, थोडे गणित आहे आणि पावसाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांच्या जिवाशी संबंध असलेली एक गोष्टही आहे.

खाडी म्हणजे सीमा

आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे साष्टी बेटावर आहेत. मुंबईची सात बेटे वेगळी आणि साष्टी वेगळे. दोहोंच्या मध्ये माहीमची खाडी आणि शीवजवळची दलदल. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांच्या हाती गेली, तरी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती जिंकली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे ही खाडी दोन सत्तांमधली सीमा होती. सीमेवर पूल बांधण्याची घाई कोणालाच नसते. ये-जा होई ती होड्यांनी.

साष्टी हाती आल्यावर इंग्रजांनी शीवच्या बाजूला बंधारारस्ता बांधायला घेतला. १७९८ मध्ये सुरू झालेले हे काम गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळातले. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या दिशेची वाट त्यामुळे खुली झाली. वांद्र्याच्या लोकांना मात्र आणखी चाळीस-एक वर्षे होडीवरच विसंबावे लागले. कंपनी सरकार पैसे द्यायला तयार नव्हते. शेवटी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच, रस्ता वापरणाऱ्याकडून पथकर घ्यायचा नाही. १८४१ मध्ये काम सुरू झाले आणि १८४५ मध्ये माहीमचा हा रस्ता वाहतुकीला खुला झाला. एवढी मोठी रक्कम एका व्यक्तीने द्यावी, यावरूनच होडीची ती वाट किती त्रासाची आणि धोक्याची होती हे लक्षात येते.

नावाडी होडी तिरकी का धरतो?

तो धोका नेमका कशात होता? खाडीचे पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी दर तासाला सारखे चढत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा असा : एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. समजा, भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी ०.३ मीटर चढेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ०.९ मीटर! तेवढे पाणी खाडीच्या तोंडातून आत यायचे म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त. आमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती आणखी वाढते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला कमी होते. पावसाळ्यात ओहोटीच्या ओढीला नदीच्या पुराचीही जोड मिळते.

आता एक उदाहरण सोडवू. खाडी ३६० मीटर रुंद आहे. ओढ सेकंदाला ०.९ मीटर आणि होडीचा वेग सेकंदाला १.५ मीटर. नवशिक्या नावाड्याने होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, सरळ पैलतीराकडे धरली, तर तो २४० सेकंदांत पलीकडे पोचेल खरा, पण तोपर्यंत २१६ मीटर खाली वाहून गेलेला असेल. तिथे धक्का नसेल. चिखल असेल, खडक असतील किंवा तिवरांचे रान असेल.

जाणता नावाडी नाळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवतो. किती? एवढीच, की त्याच्या वेगाचा ०.९ मीटरचा घटक ओढीला पुरून उरेल. हा कोन सुमारे ३७ अंशांचा येतो. ३-४-५ चा काटकोन त्रिकोण मांडला की पैलतीराकडे जाणारा वेग उरतो सेकंदाला १.२ मीटर. होडी ३०० सेकंदांत बरोबर समोरच्या धक्क्याला लागते. एक मिनिट जास्त लागले, पण जिथे जायचे तिथेच पोचलो.

याच उदाहरणात ओढ सेकंदाला २ मीटर घ्या. होडीचा वेग १.५ मीटरच आहे. आता कोणताही कोन धरला तरी होडी खाली वाहत जाणारच. या गणिताचे व्यावहारिक उत्तर एकच, थांबणे. भरती पूर्ण होईपर्यंत काठावर बसून राहणारा नावाडी आळशी नसतो. त्याने हे गणित अनुभवाने सोडवलेले असते. वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी आणि बोरिवलीजवळची गोराई या खाड्या ओलांडायला आजही होड्या चालतात. आता त्यांना यंत्रे आहेत, पण होडी धक्क्याला कशी लावतात ते पाहिले तर नाळेचा हा कोन सहज दिसतो.

पूल आले आणि खांबही

रस्त्यापाठोपाठ रेल्वे आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८६४ मध्ये गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत. होडीची गरज संपली. माणूस पाण्यापासून सुटला, पाणी मात्र अडचणीत आले!

बंधारारस्ता म्हणजे खाडीत भर घालून पाण्यासाठी मधे ठेवलेली मर्यादित वाट. खोली तीच राहिली आणि वाट निम्मी झाली, तर तेवढेच पाणी जायला वेग दुप्पट व्हावा लागतो. आणि वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. चार मीटर लांबीची होडी आडवी होऊन पुलाच्या खांबाला अडकली आणि तिचा ३० सेंटिमीटर भाग पाण्यात आहे असे धरले, तर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी तिला सुमारे ६० किलो वजनाइतक्या जोराने दाबते. २ मीटरला हा जोर २४० किलोंचा होतो, ३ मीटरला ५४० किलोंचा. चार माणसांनी ओढली तरी ती होडी निघणार नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या होडीला पाण्याचा जोर जाणवत नाही, कारण दोघांचा वेग जवळजवळ सारखाच असतो. होडी एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर अडली की मगच सगळा जोर तिच्यावर येतो. म्हणून जोरदार प्रवाहात होडी चालवणारे लोक पाण्यापेक्षा पाण्यातल्या स्थिर वस्तूंची धास्ती जास्त घेतात. अशा वस्तू मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

पहिली, खांब किंवा खडक. त्याच्या वरच्या अंगाला पाणी फुगते, मागे संथ भोवरा तयार होतो. पृष्ठभागावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण दिसते. तिचे टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या अंगाला असेल तर तिथे अडथळा आहे. टोक खालच्या अंगाला असेल तर दोन अडथळ्यांमधली मोकळी वाट आहे. होडी आडवी होऊन खांबावर जाणारच असेल, तर अंग खांबाच्या बाजूला झुकवायचे. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. तो खांबापासून दूर झुकतो, होडीची वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि क्षणात होडी भरते.

दुसरी, झाडाच्या फांद्या, तिवरांची मुळे, कुंपणाची जाळी, नाल्याच्या तोंडावरचे गज. यांतून पाणी गाळून जाते, माणूस जात नाही. पाणी वाटेत अडत नसल्यामुळे धोक्याची खूणही फारशी दिसत नाही. चहाच्या गाळणीत भुकटीचे काय होते ते आठवावे.

तिसरी, बंधारा. दिसायला हा सर्वांत निरुपद्रवी. वरून पाहिले तर पाण्याची एक सरळ, गुळगुळीत रेघ. पण काठावरून पडणारे पाणी तळाशी जाते, पुढे वर येते आणि पृष्ठभागावरचा काही भाग पुन्हा बंधाऱ्याकडे परततो. त्यात सापडलेली वस्तू परत परत खाली खेचली जाते. फेसात हवा मिसळलेली असल्याने तरंगणेही अवघड होते. बंधारा पार करण्याची खात्रीची रीत म्हणजे आधीच काठाला लागणे आणि होडी उचलून पलीकडे नेणे.

ही विद्या आता खेळाच्या रूपाने शिकवली जाते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्ग येथे मुद्दाम बांधलेल्या कालव्यात कनूची स्लॅलम शर्यत झाली. टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून, त्यांना न शिवता होडी न्यायची असा हा खेळ. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर, भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात, रबरी तराफ्यांतून हा अनुभव घेता येतो. तिथे हेल्मेट आणि तरंगजाकीट घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत, यातले कारण आता विद्यार्थ्यांना समजावून सांगता येईल.

२६ जुलै २००५

असे पाणी पाहायला उपनगरातल्या माणसाला कोलाडला जावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला अवघा ७३ मिलिमीटर. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहणाऱ्या मिठीला वाटेत भराव, विमानतळाच्या आवारात वळवलेले पात्र, पुलांच्या अरुंद मोऱ्या आणि खाडीजवळ बुजवलेली दलदल यांतून वाट काढायची होती. समोरून भरतीचे पाणी येत होते. माधवराव चितळे यांच्या समितीने या पुराची चौकशी करून २००६ मध्ये अहवाल दिला. मिठीचे पात्र कसे आक्रसत गेले, हे त्यानंतर सर्वांच्याच बोलण्यात आले.

त्या रात्री अनेक शाळांनी मुलांना वर्गांतच ठेवून घेतले. ज्या शिक्षकांनी तो निर्णय घेतला त्यांनी, काठावर थांबणाऱ्या नावाड्याचेच गणित सोडवले होते. कारण मांडीपर्यंतच्या पाण्यातला माणूस म्हणजे प्रवाहातला एक खांबच. पाय जमिनीवर रोवलेले, म्हणजे तो न हलणारी वस्तू झाला. सेकंदाला १ मीटर वेगाला त्याच्या पायांवर सात-आठ किलोंचा जोर येतो, २ मीटरला तीस किलोंचा. मोठा माणूसही घसरतो. पाचवीतल्या मुलाचे काय होईल?

तेव्हा वर्गात चार गोष्टी जरूर सांगाव्यात. वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडायचा नाही, थांबायचे. नाल्याच्या जाळीजवळ किंवा मोरीच्या तोंडाशी जायचे नाही. वाहून जाऊ लागलोच तर उभे राहण्याची धडपड करायची नाही, कारण पाय दगडांत अडकला की प्रवाह अंगाला खाली दाबतो. पाठीवर पडून, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवून, तिरके काठाकडे सरकायचे. आणि फांद्यांचा अडसर चुकवताच येत नसेल, तर पालथे होऊन डोके पुढे करून त्याकडे पोहायचे आणि त्याच्यावर चढायचे, खाली जायचे नाही.

याची प्रात्यक्षिके ओढ्यावर मुळीच करू नयेत. पत्र्याची पन्हळ थोडी तिरकी धरून नळाचे पाणी सोडावे. विटेचा तुकडा खांब म्हणून, गाळणी जाळी म्हणून आणि आडवी पट्टी बंधारा म्हणून ठेवावी. वरून लाकडाचा भुसा टाकला की फुगवटा, मागचा भोवरा आणि परत फिरणारे पाणी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग कागदाची होडी सोडावी आणि ती कुठे अडकेल हे आधी ओळखायला सांगावे. पुढच्या खेपेला विटेचे दोन तुकडे ठेवून मधली वाट निम्मी करावी. वेग का वाढला, हे मुले स्वतःच सांगतील.

अवाबाईंच्या रस्त्याने साष्टीच्या माणसाला होडीतून सोडवले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत आपण पाण्याची खूण ओळखायलाही विसरलो. रस्त्यावर दरवर्षी पाणी येते, तेव्हा ते विसरणे महाग पडते. पुढच्या वेळी वांद्र्याच्या पुलावरून जाताना, नाकाला रुमाल लावूनच का होईना, खाली जरूर पाहावे. खांबाभोवती पाण्याची खूण कोणत्या दिशेला आहे, एवढे मुलांना विचारले तरी त्या क्षणी भरती आहे की ओहोटी, हे त्यांना सांगता येईल.