नाशिकची मुले आणि आफ्रिकेची वाट

श्रोतेहो, वेल्ह्याच्या बाजूला केळद गावाजवळ मढे घाट आहे. तुमच्यापैकी कितीकजण तो उतरून कोकणात गेले असतील. १६७० साली कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला, म्हणून घाटाला हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. तानाजीचे नाव आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण तो देह खांद्यावर घेऊन जे हा घाट उतरले, ते कोण होते? त्यांची नावे काही आपल्याला सांगता येत नाहीत.

आज अशाच खांदेकऱ्यांची गोष्ट सांगायची आहे. वाट मात्र सह्याद्रीतली नाही, आफ्रिकेतली आहे. आणि त्या खांदेकऱ्यांपैकी काहीजण आपल्या नाशिकला शिकलेले होते, बरं का!

आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशनऱ्यांचा प्रवास म्हटला, की पहिले नाव निघते डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे. १८१३ साली स्कॉटलंडमध्ये एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षी तो कापसाच्या गिरणीत कामाला लागला. पुढे वैद्यकी शिकला, आणि १८४१ साली धर्मप्रसारासाठी दक्षिण आफ्रिकेत उतरला. त्याच्या हातून धर्मांतरे फारशी झाली नाहीत. त्याचे पाय मात्र थांबले नाहीत. नद्या, सरोवरे, जंगले पालथी घालीत तो हिंडला, आणि हिंडता हिंडता त्याने पाहिला तो माणसांचा बाजार. गावेच्या गावे जाळून बायकापोरांना साखळदंडात किनाऱ्यापर्यंत चालवीत आणीत, आणि तेथून गलबतांत कोंबून परदेशी विकीत. हा व्यापार मोडला पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतले.

आता यात नाशिक कोठून आले, असे तुम्ही विचाराल. अरबी समुद्रावर इंग्रजांची लढाऊ जहाजे अशी गलबते पकडीत. सुटलेल्या मुलांना मुंबईत आणून सोडीत. घर कोठे, आईबाप कोण, याचा पत्ता नाही. परत पाठवावे तर पुन्हा त्याच बाजारात जायची भीती. यांतली बरीच मुले नाशिकजवळ शरणपूरला पाठविली जात. तेथे चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत उभारली होती. विल्यम सॉल्टर प्राइस हे तेथील प्रमुख. आश्रमात मुलांना लिहायवाचायला शिकवीत, सुतारकी, लोहारकी असे हातचे कामही शिकवीत. नावे मात्र नवी, इंग्रजी ठेवीत. घर गुलामगिरीत गेले, नाव आश्रमात गेले. उपकार खरे, आणि हे नुकसानही खरे. इतिहास शिकविताना दोन्ही सांगावे लागते.

१८६४ साली लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ नावाची आपली लहानशी आगबोट हाकीत झांजिबारहून मुंबईला आला. चुमा नावाचा एक मुलगा त्याच्याबरोबर होता. गुलामांच्या तांड्यातून सोडविलेला हा पोर मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. सुसी नावाचा खलाशी मुंबईच्या गोदीत कामाला लागला. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन परत आला, तेव्हा त्याने या दोघांना बरोबर घेतले, आणि नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुणही घेतले. शिवाय मरीन पलटणीचे काही शिपाई, आणि उंट, रेडे, खेचरेही होती. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईच्या बंदरातून निघाली.

ही वाट सरळ नव्हती. जनावरे मेली. शिपाई वैतागले, त्यांना परत धाडावे लागले. नाशिकच्या मुलांपैकीही कोणी आजारात दगावले, कोणी सोडून गेले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? ताप, भूक, पाऊस, आणि चालणे संपता संपत नव्हते. तरी एडवर्ड गार्डनरसारखा एखादा अखेरपर्यंत टिकला. १८७२ साली आणखी काही नाशिककर येऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार हे होते.

१ मे १८७३. आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशात, चितांबो नावाच्या गावप्रमुखाच्या गावी, पहाटे लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकून मेलेला आढळला. आता करायचे काय? तेथेच पुरून मोकळे झाले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. पण चुमा, सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरविले, की देह समुद्रापर्यंत पोचवायचा.

त्यांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थनेच्या पुस्तकातून अंत्यविधी वाचला, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात वाळविला. मग कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळून दांड्याला बांधला, आणि साठएक माणसांचा तांडा चालू लागला. त्यात हलीमा ही स्वयंपाकीणही होती.

किती चालायचे होते? हजार मैलांहून जास्त. भोरहून पायी दिल्लीला जायचे, आणि तेही खांद्यावर मढे घेऊन, अशी कल्पना करा. वाटेत दहाएकजण मेले. उन्यान्येंबेला एक इंग्रज अधिकारी, लेफ्टनंट कॅमेरॉन, भेटला. त्याने सुचविले, येथेच पुरा. त्यांनी ऐकले नाही. पुढे एका मुलखात लोक प्रेत गावातून नेऊ देईनात. परक्याचे मढे शिवेतून जाऊ द्यायला आपल्याकडेही गावकरी बिचकतील! तेव्हा या मंडळींनी युक्ती केली. काटक्याकुटक्यांचे खोटे प्रेत बांधून ते पुरायला म्हणून मागे पाठविले, आणि खरा देह कापडाच्या गाठीसारखा बांधून मालात मिसळला. फेब्रुवारी १८७४ मध्ये, नऊ महिन्यांनी, ते बागामोयोला समुद्रकिनारी पोचले.

देह इंग्लंडला गेला. तोच हा, अशी खात्री पटविली ती डाव्या दंडाच्या मोडक्या हाडाने. पूर्वी सिंहाने तो दंड चावून मोडला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले. शवपेटीचे मान धरणाऱ्या आठजणांत एक होता नाशिकचा जेकब वेनराइट. चुमा आणि सुसी मात्र दफनविधी आटोपल्यावर इंग्लंडला पोचले. थडग्याच्या दगडावर लिव्हिंग्स्टनचे नाव ठसठशीत आहे, आणि विश्वासू हातांनी त्याला येथवर आणले, असा उल्लेखही आहे. हात आहेत, हातांची नावे नाहीत.

गोष्ट येथे संपत नाही. १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाने इंग्रजांच्या दडपणाखाली गुलामांचे बाजार बंद केले. त्या बोलण्यांसाठी गेला होता सर बार्टल फ्रिअर. हा मुंबईचा जुना गव्हर्नर, आणि त्याआधी भोर ज्या सातारच्या राज्याची जहागीर होती, त्या साताऱ्याचा रेसिडेंट! त्याच्या नावाने मोंबासाजवळ ‘फ्रिअरटाउन’ ही सुटलेल्या गुलामांची वसाहत झाली. ती वसवायला नाशिकचेच प्राइससाहेब गेले. नाशिक-मुंबईला वाढलेली आफ्रिकी माणसे तेथे शिक्षक झाली, कारागीर झाली, धर्मोपदेशक झाली. यांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ साली मोंबासालाच वारला.

मिशनऱ्यांच्या मागोमाग आफ्रिकेत व्यापारी गेले, मग निशाणे आणि पलटणी गेल्या, हेही विसरायचे नाही. पण त्याचा जाब जेकबला विचारता येणार नाही. लहानपणी त्याला विकणाऱ्यांनी चालविले. मोठेपणी तो स्वतः चालला, आणि चाललेली वाट त्याने दैनंदिनीत लिहून ठेवली. ती लिहिली म्हणून आज आपण त्याचे नाव घेऊ शकतो.

गुरुजी, उद्या वर्गात नकाशा लावा. मुलांना नाशिकवर बोट ठेवायला सांगा, तेथून मुंबई, झांजिबार, चितांबोचे गाव, आणि परत बागामोयो. मग सगळे मिळून मढे घाटात जा. मुलांना विचारा, देह उचलणारे कोण असतील? उत्तर येणार नाही. पण प्रश्न मुलांच्या मनात राहील. गावात आजही नव्वदीला टेकलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे कोणाच्या आजोबांनी काय वाहिले, कोठवर वाहिले, याच्या आठवणी आहेत. पोरांनो, त्या नावानिशी वहीत उतरवून घ्या.