हातपायांची ऊब

महाड म्हटले की चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आठवतो, आणि मागे उभा असलेला रायगड. या तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावसकर रुजू झाले, ही घटना मात्र इतिहासात क्वचितच नोंदली जाते.

पेंढा उचलताना, जळण काढताना, अनवाणी अंगणात उतरताना लाल विंचू डंख मारी. रुग्ण केंद्रात पोचे तो ओकत, घामाने निथळत; हातपाय गारठलेले. विषामुळे शरीरातील संप्रेरके उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. डॉ. बावसकरांनी रात्र रात्र उशाशी बसून ही लक्षणे टिपली. १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे आवळलेल्या वाहिन्या सैल करण्यासाठी त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. आधीच गलितगात्र झालेल्या रुग्णाचा रक्तदाब उतरवायचा, हे धाडसच! मात्रा पुन्हा केव्हा द्यावी आणि केव्हा थांबावे? हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत, कातडीखालच्या शिरा सहज दिसू लागेपर्यंत द्यावी, असा त्यांचा दंडक. शुभवर्तमानात रुग्णांवर हात ठेवल्याच्या कथा आपण ऐकतो. इथे हात ठेवला तो मोजण्यासाठी.

पायाच्या तुंबलेल्या धमनीतून रक्त पुन्हा वाहते करणाऱ्या शल्यविशारदांपुढेही हाच प्रश्न असतो : रक्त बोटांपर्यंत पोचले काय? त्यासाठी आज त्वचेवर लहानसा संवेदक चिकटवतात. तो त्वचा ४३-४४ अंशांपर्यंत तापवून तिच्यातून बाहेर झिरपणारा प्राणवायू मोजतो. तळहाताला आकडा सांगता येत नाही, आणि ऊब म्हणजे प्राणवायू नव्हे, हे मान्यच. पण पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरून मध्यरात्री डोलीतून आणलेल्या पोरासाठी तळहाताएवढे हाताशी असलेले दुसरे यंत्र आम्हांस ठाऊक नाही.

प्राझोसिनचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, सहलेखिका त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी. मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर उतरले. तेवढ्यावर हे दांपत्य थांबले नाही. महाडमधील ७० रुग्णांवरील त्यांची चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. गोळीबरोबर विंचवाची प्रतिलसही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसती गोळी दिलेल्या ३५ जणांपैकी ८.